करून सवरून नामानिराळा

लग्नघरात एक काका असतात. ते नवऱ्यामुलाचे नेमके कोण लागतात, हे कुणालाच धड सांगता येत नाही. पण आचाऱ्याला भाताचा अंदाज तेच देतात, गुरुजींच्या दक्षिणेचं पाकीट त्यांच्याच खिशात असतं, बँडवाल्याशी तेच भांडतात आणि ऐन मुहूर्ताला अंतरपाटाचं एक टोकही त्यांच्याच हातात सापडतं. नंतर अल्बम बघावा तर काका एकाही फोटोत नाहीत. इटालियन भाषेतल्या या काकांचं नाव ‘फारे’.

कोशात पहिला अर्थ अगदी सरळ दिलेला असतो: करणे. तो वाचून ज्याचं समाधान झालं त्याने कोश तिथेच मिटावा. कारण खाली बनवणे, भरणे, काढणे, म्हणणे, वागणे, सोंग आणणे, दुसऱ्याकडून करवून घेणे अशी रांग लागलेली असते आणि ती पान उलटलं तरी संपत नाही. शेवटी लक्षात येतं की ज्याला इतके अर्थ आहेत त्याच्याकडे स्वतःचा असा अर्थ उरलेलाच नाही. शेजारी जो शब्द बसेल त्याचं काम करायचं आणि बाजूला व्हायचं. सगळं करून सवरून हा गडी नामानिराळा.

घराणं मात्र मोठं. लॅटिनमधलं ‘फाकेरे’ हे त्याचं मूळ. रोमन साम्राज्य आक्रसलं तसा शब्दही आक्रसला. ‘फाकेरे’चं ‘फारे’ झालं, पुढे दुसरा शब्द येऊन टेकला की त्याचंही ‘फार’ होतं, आणि ‘तो करतो’ एवढंच म्हणायचं तर नुसतं ‘फा’. दिवसातून हजारदा हाक येणाऱ्याला लांब नाव परवडत नाही. दिसायला हे क्रियापद ‘पार्लारे’ म्हणजे बोलणे, ‘मांजारे’ म्हणजे खाणे, अशा सरळमार्गी ‘आरे’वाल्यांच्या पंगतीतलं वाटतं. पण व्याकरणकार त्याला ‘एरे’वाल्यांच्या पंगतीत बसवतात, कारण ‘मी करत होतो’ म्हणायची वेळ आली की ते ‘फाचेव्हो’ असं एकदम पणजोबांच्या आवाजात बोलू लागतं. आडनाव एक आणि गोत्र दुसरं!

भाषाशास्त्रज्ञ त्याहून मागे जातात. ‘फाकेरे’चा धातू आणि संस्कृतातला ‘धा’ हे दोघे एकाच मुळातून आलेले, असं ते सांगतात. म्हणजे आपली ‘विधान’, ‘निधान’, ‘श्रद्धा’ ही मंडळी फारेची चुलतभावंडं झाली. हे ऐकल्याबरोबर “म्हणजे शेवटी सगळं आपल्याकडूनच गेलं!” असं म्हणणारे एक गृहस्थ प्रत्येक बैठकीत असतातच. त्यांना चहा द्यावा आणि सांगावं, की चुलतभाऊ आपल्या घरात जन्मलेला नसतो. आजोबा एक असतात, इतकंच.

आता मिलानमधल्या एखाद्या साध्या नोकरदाराचा दिवस घ्या. सकाळी उठून तो बिछाना ‘करतो’, म्हणजे आवरतो. शॉवर करतो, दाढी करतो, न्याहारी करतो. गाडीत पेट्रोल भरायचं तर ‘फारे बेन्झीना’, पेट्रोल करतो. ट्रेनने जायचं तर तिकीट करतो, आणि त्यासाठी आधी रांग करतो. रांग ही तिथे लावायची गोष्ट नाही, करायची आहे. आणि करून झाल्यावर ती रांगेसारखी दिसेलच अशी हमी नाही. संध्याकाळी बाजारहाट करतो, मग ‘दोन पावलं’ करतो, म्हणजे पाय मोकळे करतो, वाटेत ओळखीचं कुणी भेटलं की दोन गप्पा करतो. जेवताना बशीत सॉस उरला तर पावाच्या तुकड्याने बशी लख्ख पुसून तो तुकडा तोंडात टाकतो. या पुण्यकर्माला ‘फारे ला स्कार्पेत्ता’ म्हणतात, छोटासा बूट करणे. मित्रांबरोबर बसून बिल सारखं वाटून घ्यायचं तर ‘आल्ला रोमाना’, रोमन पद्धतीने करतात. आणि उठायला रात्रीचे दोन वाजले तर त्याने ‘बारीक तास’ केले, कारण एक, दोन, तीन हे आकडे बारीक. बिछान्यापासून बिछान्यापर्यंत एवढा दिवस पार पडला आणि गृहस्थाने क्रियापद खर्च केलं एकच.

यातलं निम्मं आपल्याला परकं वाटत नाही. दाढी आपणही करतोच. खरं तर जी उरू द्यायची नाही तिला आपण ‘केली’ म्हणतो, आणि ‘फारे ला बार्बा’ म्हणताना इटालियन न्हावीही तेच म्हणतो. अंघोळ दोघेही करतात. तिथे नको असलेलं काही कानावर आलं तर माणूस ‘व्यापाऱ्याचे कान’ करतो, म्हणजे ऐकून न ऐकल्यासारखं करतो. आपण कानाबरोबर डोळाही घेतो आणि कानाडोळा करतो. कुणासाठी खूप खपायचं तर इटालियन माणूस स्वतःचे चार तुकडे करतो, ‘फार्सी इन क्वात्त्रो’. आपण जिवाचं रान करतो, रक्ताचं पाणी करतो. करण्याच्या बाबतीत आपण काही कमी नाही.

पण पुढे वाटा फुटतात. इटालियन माणूस गप्पा करतो, आपण मारतो. तो फेरी करतो, आपण मारतो. तो उडी करतो, आपण तीही मारतो. एखाद्या मराठी माणसाचा रविवार शब्दशः इटालियनमध्ये सांगितला तर ऐकणारा पोलिसांना बोलावील. सकाळी टेकडीवर चक्कर मारली, जुन्या मित्राला हाक मारली, मिठी मारली, तासभर गप्पा मारल्या, मिसळीवर ताव मारला, मेहुण्याच्या वास्तुशांतीला दांडी मारली आणि घरी येऊन बायकोला थाप मारली. एवढी मारामारी होऊनही कुणाला खरचटलेलं नसतं. त्याच रविवारी इटालियन माणूस शांतपणे सगळं ‘करत’ असतो. पानिपत लढलेल्यांची भाषा आणि पास्ता वळणाऱ्यांची भाषा यांत एवढा फरक राहणारच, असं म्हणून हा मुद्दा सोडून देता येतो. फक्त ज्युलियस सीझर त्यांच्याकडचा होता, हे त्या क्षणी आठवू द्यायचं नाही.

‘फारे’ला कर्ता लागतोच असंही नाही. आपल्याकडे थंडी पडते, वाजते, कधी कधी मी म्हणते. तिथे ‘फा फ्रेद्दो’, थंड करतं. कोण करतं? विचारायचं नाही. उकडतं तेव्हा ‘फा काल्दो’, गरम करतं. तेही त्याच अज्ञात इसमाचं काम असावं. दोन आणि दोन मिळून चार होत नाहीत, चार ‘करतात’. भाजीवाल्याला हिशेब विचारायचा तर ‘क्वान्तो फा?’, किती करतं? काळालाही यातून सुटका नाही. ‘दोन वर्षांपूर्वी’ म्हणायचं तर ‘दुए आन्नी फा’, दोन वर्षं करतं. म्हणजे जुन्या आठवणी सांगणाऱ्या आजोबांच्या तोंडी हा ‘फा’ इतका येतो की ते गातायत की काय असं वाटावं. त्यांच्या सरगमीत ‘फा’ नावाचा सूर आहेच. पण तो अकराव्या शतकातल्या ग्वीदो दारेत्सो या भिक्षूने एका लॅटिन स्तोत्रातल्या अक्षरावरून घेतलेला. त्याचं या क्रियापदाशी नातं नाही. एवढी एकच गोष्ट इटलीत फारेने केलेली नाही.

लहान मुलांना तिथे विचारतात, “गाय कसं करते?” मूल म्हणतं, “मू.” आपल्याकडेही गाय ‘हम्मा’ करते आणि कुत्रा ‘भू भू’ करतो. मराठी मूल मोठं झालं की करणं जनावरांकडे ठेवतं आणि माणसांसाठी ‘म्हणणं’ वापरायला लागतं. इटालियन मूल मोठं झालं तरी सोडत नाही. काल साहेबांशी काय बोलणं झालं ते सांगायचं तर तो म्हणतो, ‘ए लुई मी फा’. म्हणजे, “तो मला करतो, ‘तुम्ही रोज उशिरा येता.’ मी त्याला करतो, ‘तुम्ही असता का बघायला?’” हा ‘फा’ उच्चारला की नुसते शब्द सांगून भागत नाही. साहेबांचा आवाज काढावा लागतो, भुवई उडवावी लागते, पाची बोटं चिमटीत जुळवून हात हलवावा लागतो. ‘म्हणाला’ म्हटल्यावर बातमी मिळते; ‘करतो’ म्हटल्यावर साहेब स्वतः हजर होतात.

कुत्र्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. बागेत एखादा घोड्याएवढा कुत्रा तुमच्या अंगावर धावून आला की मागून मालकाचा आवाज येतो, “नोन फा न्येन्ते!” काही करत नाही! पुण्यातल्या बागेतही नेमकं हेच वाक्य, याच सुरात आणि एवढ्याच उशिरा ऐकू येतं. तिथे गंमत अशी की ‘नोन फा न्येन्ते’चा दुसरा अर्थ ‘हरकत नाही, चालायचंच’ असा आहे. म्हणजे कुत्र्याने खरोखरच पोटरी धरली तरी मालकाला वाक्य बदलावं लागत नाही.

इथपर्यंत हसून सोडून देता येईल. पण एक उपयोग असा आहे की तो हसता हसता विचारात पाडतो. इटलीत कुणी तुमचा व्यवसाय विचारला तर ‘सोनो मेदिको’, मी डॉक्टर आहे, असं सांगता येतं. व्याकरणाची काही आडकाठी नाही. पण लोक सर्रास म्हणतात ‘फाच्चो इल मेदिको’, मी डॉक्टर करतो. आपणही वकिली करतो, मास्तरकी करतो. मात्र आधी वकिलाची वकिली करून घेतो आणि मग ती करतो. इटालियन माणूस थेट वकीलच करतो. आणि वेडेपणाचं सोंग आणायचं असेल तर? ‘फारे लो शेमो’, वेडा करणे. उगाच हुशारी दाखवायची तर ‘फारे इल फुर्बो’, चलाख करणे. सगळं माहीत असून वेड पांघरून पेडगावला जायचं तर ‘फारे लो न्योर्री’. वाक्याची रचना तीच, क्रियापद तेच. पोटापाण्याचा धंदा आणि सोंग यांत इटालियन व्याकरण कसलाही भेद करत नाही. ‘फाच्चो इल मेदिको’ हे वाक्य दवाखान्यातला डॉक्टर म्हणतो आणि नाटकात डॉक्टरचं काम करणारा नटही. पेशंटने कोणाकडे नाडी द्यायची ते आजूबाजूला बघून ठरवायचं.

माझ्या मते हा त्या भाषेचा निष्काळजीपणा नाही, निरीक्षण आहे. माणूस डॉक्टर ‘असतो’ म्हणजे काय? झोपेत असतो का? डॉक्टर असणं हे रोज सकाळी उठून, पांढरा कोट घालून, आवाज गंभीर करून करावंच लागतं. साहेबपण, सासूपण, अध्यक्षपण या सगळ्या करायच्या गोष्टी आहेत. करणं थांबलं की खुर्चीतून नुसता माणूस उठून घरी जातो. आपण ‘मी अमुक आहे’ असं छातीवर हात ठेवून सांगतो आणि निवृत्तीनंतरही पाटीवर कंसात ‘निवृत्त’ लिहून ते असणं चालू ठेवतो. ‘असणे’ या क्रियापदाने जेवढी माणसं चढवून ठेवली आहेत तेवढी कुठल्याच मद्याने चढवली नसतील. ‘फारे’ त्यांना हळूच खाली उतरवतं.

म्हणून तिथे ‘बेल्ला फिगूरा’ला एवढं महत्त्व. चार लोकांत आपलं चित्र चांगलं दिसलं पाहिजे, आणि ते आपोआप दिसत नाही, करावं लागतं. नीट जमलं तर ‘फारे बेल्ला फिगूरा’, फसलं तर ‘ब्रुत्ता फिगूरा’, आणि अगदीच नाक कापलं गेलं तर ‘फिगुराच्चा’. मराठीत यासाठी आपण ‘शोभा करणे’ म्हणतो, पण फक्त वाईट अर्थाने. “शोभा केलीस चारचौघांत!” चांगल्या शोभेसाठी आपल्याकडे क्रियापद नाही, कारण तिची कुणाला सवय नाही. इटालियन म्हण बजावते, ‘लाबितो नोन फा इल मोनाको’, झगा घातल्याने कुणी साधू होत नाही. ही म्हण लहानपणापासून पाठ असलेले लोक कोपऱ्यावर कचरा टाकायलासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून जातात, यावरून म्हणी कोणासाठी असतात ते कळतं. दुसऱ्यांसाठी.

या सगळ्या करण्यासवरण्याचं एखादं तीर्थक्षेत्र असेल तर ते रोममधलं तेआत्रो आर्जेन्तिना हे नाट्यगृह. 1732 मध्ये उघडलेलं. नावाचा आणि अर्जेंटिना देशाचा काडीचा संबंध नाही. जवळच्या एका बुरुजावरून ते नाव आलं, बुरुजाला ते स्ट्रासबुर्ग शहराच्या जुन्या लॅटिन नावावरून मिळालं, कारण पोपच्या पदरी असलेला तिकडचा एक अधिकारी तिथे राहायचा. अशा नाट्यगृहात एकदा, अठराव्या शतकात म्हणे, पोर्तुगालच्या वकिलातीने एक प्रयोग ठेवला आणि रोममधल्या पोर्तुगीजांना तिकीट माफ केलं. दारावर नुसतं ‘मी पोर्तुगीज’ म्हणायचं आणि आत जायचं. त्या संध्याकाळी रोममध्ये इतके पोर्तुगीज निघाले की लिस्बनमध्ये कुणी उरलं आहे की नाही अशी शंका यावी. सगळे अस्सल रोमन! तेव्हापासून विनातिकीट प्रवास करणं किंवा फुकट आत घुसणं म्हणजे ‘फारे इल पोर्तोगेझे’, पोर्तुगीज करणे. लबाडी रोमकरांची आणि नाव बिचाऱ्या पोर्तुगीजांचं. ही कथा ऐकून पोर्तुगीजांविषयी वाईट वाटू लागतं. मग आठवतं की ते गोव्यात 1510 पासून 1961 पर्यंत राहिले आणि तिकीट त्यांनी एकदाही काढलं नव्हतं.

याच रंगमंचावर 20 फेब्रुवारी 1816 रोजी रोस्सिनीच्या ‘सेव्हिलच्या न्हाव्या’चा पहिला प्रयोग झाला. रोस्सिनी तेव्हा चोविसाव्या वर्षात. पाइझिएल्लो या बुजुर्ग संगीतकाराने याच कथेवर आधी एक ऑपेरा करून ठेवला होता, आणि त्याचे चाहते शिट्ट्या घालायच्या तयारीनेच आले होते. सांगतात की एक गायक रंगमंचावर अडखळून नाकावर आपटला आणि मधेच एक मांजर फिरून गेलं. त्या रात्री जे झालं त्याला इटालियन नाट्यपरिभाषेत ‘फारे फियास्को’ म्हणतात. फियास्को म्हणजे बाटली, गवताच्या वेष्टनातली कियान्ती वाइनची असते तशी फुगीर. प्रयोग पडला की त्याने बाटली ‘केली’. तिथून तो शब्द युरोपभर फिरला आणि आता मराठी वर्तमानपत्रंही कुठल्या योजनेचा फियास्को झाला ते छापतात. बाटली मात्र मूळ गावीच राहिली. दुसऱ्या दिवशी रोस्सिनी नाट्यगृहाकडे फिरकलाच नाही, आणि नेमका त्याच दिवशी प्रयोग डोक्यावर घेतला गेला. ऑपेराचा नायक फिगारो हा न्हावी, म्हणजे धंदा ‘फारे ला बार्बा’. आणि तो स्वतःला म्हणवतो ‘फाक्तोतुम’, सर्व काही करणारा. हाही शब्द लॅटिन ‘फाकेरे’चाच. पोर्तुगीज, बाटली, दाढी आणि हरकाम्या, असं सगळं खानदान एका छपराखाली जमवणारं दुसरं नाट्यगृह माझ्या ऐकिवात नाही.

फारेच्या पोटी आलेल्या नामांनी तर बापावर ताण केली आहे. ‘फात्तो’ म्हणजे केलेलं, आणि वस्तुस्थितीही तीच. जे करून झालं ते सत्य. ‘फात्तूरा’ या शब्दाचा एक अर्थ बिल, व्यापारी पावती. दुसरा अर्थ चेटूक. ‘त्याने मला फात्तूरा केली’ एवढंच वाक्य ऐकून ऐकणाऱ्याला कळत नाही की यावर हिशेबनीस बोलवायचा की मांत्रिक. परक्याला हे विचित्र वाटेल, मराठी माणसाला वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही ‘करणे’पासून ‘करणी’ झाली आहे. ‘जशी करणी, तशी भरणी’ मधली करणी साधी, आणि ‘शेजारणीने करणी केली’ मधली लिंबू-मिरचीवाली. दोन भाषा, ज्यांनी एकमेकींना कधी विचारलं नाही, स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आल्या: माणूस माणसाचं जे काही ‘करतो’ त्यातलं सगळ्यांत जहाल ते नाव न घेता नुसतं ‘केलं’ म्हणूनच सांगावं. फरक कायद्यात आहे. महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोण्याला बंदी करणारा कायदा केला. इटलीने 2019 पासून व्यापाऱ्यांना इलेक्ट्रॉनिक फात्तूरा सक्तीची केली.

फात्तूरेवर उतारा म्हणून पुन्हा फारेच उपयोगी पडतं. तर्जनी आणि करंगळी ताठ, मधली दोन बोटं मुडपलेली, पंजा जमिनीकडे: याला ‘फारे ले कोर्ना’ म्हणतात, शिंगं करणे. अपशकुन टळतो. 1973 मध्ये नेपल्समध्ये पटकीची साथ आली. राष्ट्राध्यक्ष जोव्हान्नी लेओने रुग्णांना भेटायला गेले, ते स्वतः नेपल्सचेच. चेहऱ्यावर राष्ट्रप्रमुखाचं गांभीर्य आणि पाठीमागे हाताने शिंगं! फोटोवाले पाठीमागेही उभे होते. समोरून राष्ट्राध्यक्ष केला, मागून नेपल्सकर केला. दोन्ही भूमिका एकाच वेळी. हीच बोटं दुसऱ्याच्या डोक्यामागे वर केली तर अर्थ फिरतो, ‘याच्या बायकोने याला फसवलंय’. 2002 मध्ये स्पेनमध्ये युरोपीय मंत्र्यांच्या समूहचित्राच्या वेळी बेर्लुस्कोनींनी स्पॅनिश परराष्ट्रमंत्र्यांच्या डोक्यामागे अशी शिंगं केली आणि पंतप्रधानपदावरच्या माणसाने पाचवीतला मुलगा कसा ‘करावा’ याचं प्रात्यक्षिक साऱ्या युरोपला दिलं.

इटलीतले मराठीचे, म्हणजे तिथल्या भाषेचे मास्तर या क्रियापदावर खार खाऊन असतात. निबंधात फारे दिसलं की लाल शाई. चित्र ‘करू’ नका, रंगवा. घर करू नका, बांधा. भाषण करू नका, उच्चारा. मुलांना तक्ता देतात: डावीकडे फारेची वाक्यं, उजवीकडे त्याऐवजी नेमकं क्रियापद लिहायचं. तत्त्व बिनतोड आहे. आळशी लेखक सगळं एकाच शब्दावर ढकलतो, हे खरंच. मग दुसऱ्या दिवशी बाई वर्गात येतात, चष्मा सावरतात आणि विचारतात, “आव्हेते फात्तो इ कोम्पिती?” गृहपाठ केलात का? तेव्हा तक्ता बाईंनाही आठवत नाही.

शिष्टाचाराचा कायदाही दोनच कलमांचा आहे: ‘सी फा’ आणि ‘नोन सी फा’. असं करतात, असं करत नाहीत. दुपारच्या जेवणावर कापुचिनो? नोन सी फा. मासळीच्या पास्त्यावर चीज? नोन सी फा. कारण विचारलं तर समोरचा हात पसरून तेच वाक्य जरा मोठ्याने म्हणतो. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. “संध्याकाळी केर काढत नाहीत”, “नखं रात्री कापत नाहीत”, यांचीही कारणं आपल्याला कधी कुणी दिली नव्हती, आवाज मात्र असाच वाढत गेला होता.

एवढं सगळं करणाऱ्यांचा देश करून कुणी दिला? 1861 मध्ये इटलीचं एकीकरण झालं. पिएमोन्तेचे मुत्सद्दी मास्सिमो दाझेलिओ यांच्या नावावर तेव्हाचं एक वाक्य सांगतात: इटली तर करून झाली, आता इटालियन माणसं करायला हवीत. दोन्हीकडे फारेच. काम सोपं नव्हतं. भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजाप्रमाणे त्या वेळी इटालियन बोलता येणारे लोक शंभरात अडीच होते. बाकीचे आपापल्या गावची बोली बोलत. ते काम जमलं का, असं आज विचारलं तर जे उत्तर मिळतं ते म्हणजे ‘फार्चेला’ हे या घराण्यातलं सगळ्यांत अगम्य रूप. ‘चे ला फाच्चो’, मला जमतं. शब्दशः: मी तिथे तिला करतो. तिथे म्हणजे कुठे? तिला म्हणजे कोणाला? व्याकरण हात वर करतं. ‘करावे तसे भरावे’ला त्यांच्याकडे ‘की ला फा, लास्पेत्ती’ म्हणतात, जो तिला करील त्याने तिची वाट पाहावी. तिथेही हीच अनामिक ‘ती’. नसलेल्या जागी नसलेली गोष्ट करून दाखवणं म्हणजे जमणं, ही व्याख्या मात्र संसार केलेल्या कुणालाही पटावी.

आणि मग ते जगप्रसिद्ध ‘दोल्चे फार न्येन्ते’, काहीही न करण्यातला गोडवा. पर्यटकांना हा शब्दप्रयोग इतका आवडतो की ते त्याचा टी-शर्ट घालून दिवसाला तीन संग्रहालयं उरकतात. ते शब्द नीट पाहत नाहीत. ‘फार’ तिथेही आहेच! काही न करणं हेही तिथे करावं लागतं, आणि मन लावून करावं लागतं. गुरुवारी सुट्टी आली तर शुक्रवारही जोडून घेण्याला ‘फारे इल पोंते’, पूल करणे, असं म्हणतात. 25 एप्रिल हा मुक्तिदिन 2024 मध्ये गुरुवारी आला आणि देशात नदीवर झाले नसतील एवढे पूल कॅलेंडरवर झाले. 15 ऑगस्टला आपण झेंडावंदन करतो, तेव्हा इटली सम्राट ऑगस्टसच्या नावाचं फेर्रागोस्तो करत असते. शहरात औषधाचं दुकान उघडं सापडलं तर नशीब. आपली सुट्टी लागते, पडते, कधी बुडतेही. त्यांनी मात्र सुट्टीचंसुद्धा बांधकाम खातं केलं आहे.

या खात्याचं रोजचं काम रोममध्ये संध्याकाळी सातनंतर चालतं. चौकात कारंज्याच्या कठड्यावर चार मित्र जमतात. एक जण विचारतो, “के फामो?” हे रोमकरांचं ‘काय करायचं?’. दुसरा खांदे उडवतो, “बो.” तिसरा सिनेमा सुचवतो, तो चौथ्याने पाहिलेला असतो. चौथा पिझ्झा सुचवतो, पहिल्याचं पोट भरलेलं असतं. समुद्रावर जायचं ठरतं, गाडीत पेट्रोल कोणी करायचं यावर मोडतं. पुन्हा “के फामो?” पुन्हा “बो.” असे बारीक तास होतात आणि चौघे घरी जातात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी विचारतं, काल काय केलंस? तो सांगतो, “न्येन्ते”, आणि ते अशा थाटात सांगतो की विचारणाऱ्याला वाटावं, आपल्याला बोलावलं असतं तर आपणही हातभार लावला असता.